मुर्दाजींचं नाक

जाई इंगवलेने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता.

निदान दिसत तरी तसाच होता. अंगाला गुंडाळलेली पांढरी चादर, गळ्यात झेंडूचा हार, नाकपुड्यांत कापसाचे बोळे… आणि हातात मुळ्याचा पराठा. ‘दर्पण’ थिएटरच्या पायरीवर बसून तो मन लावून खात होता. मागे धुक्यात आणखी बरीच पांढरी माणसं घोळका करून उभी होती.

चंदीगडात डिसेंबरचं धुकं असं पडतं की आपलाच हात लांब केला तर परक्याचा वाटावा. पुढचा चौक दिसेना म्हणून जाईने स्कूटर कडेला घेतली, तर समोर हे मयत. पोरगी शिस्तीच्या घरातली. वडील केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी, दर तीन-चार वर्षांनी नवं गाव आणि प्रत्येक गावात आईची ताकीद एकच – कुणाच्या दारात दुःख दिसलं तर तोंड फिरवून पुढे जायचं नाही.

ती जवळ गेली. आवाज हळू केला. “बहुत अफ़सोस हुआ जी… कौन थे?”

“तूफ़ान,” घासाआडून उत्तर आलं.

“उम्र?”

“भरी जवानी में गए. तेईस साल पहले.”

“तेईस साल?”

“जी. और हर महीने के पहले इतवार को फिर से जाते हैं. सुबह दस बजे. टिकट खिड़की उधर है.”

जाईला कळायला एक क्षण लागला. मग कान तापले. “बदतमीज!” म्हणत ती गर्रकन वळली आणि तिच्या शालीच्या टोकाने त्याच्या शेजारचा चहाचा ग्लास थेट त्याच्या मांडीवर कलंडला.

“अबे, मेलो ना बे!” मढं किंचाळलं.

जाईचे पाय थांबले. या चौकोनी शहरात, या गारठ्यात, चक्क वऱ्हाडी!

“तुम्ही… मराठी?”

“नाही. भाजलेला,” चादर झटकत तो म्हणाला. “पण मूळचा अमरावतीचा. अनिमेष काळमेघ. सदुसष्ट सेक्टरात औषधांच्या संस्थेत उंदरांना गोळ्या चारतो. तुम्ही?”

“जाई इंगवले. युनिव्हर्सिटीत एम. ए. करते. काळमेघ म्हणजे तो कडूजहर काढा ना?”

“चव न घेता कसं सांगता?” तो बोलून गेला, आणि मग स्वतःच कानापर्यंत लाल झाला. नाकात बोळे घातलेला माणूस लाजला की कसा दिसतो ते जाईने त्या दिवशी पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.

त्या हसण्यातच तिने तिकीट काढलं.

*

‘तूफान की तेरहवीं’ या सिनेमाची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही, कारण ती त्याच्या दिग्दर्शकालाही सांगता आली नसती. दोन जुळे भाऊ. एक तूफान, तो सुरुवातीलाच मरतो. दुसरा त्याच्या तेराव्याला येऊन बदला घेतो. मध्ये सात गाणी, एक पाळीव अस्वल आणि पोलिसांच्या वेशातली एकच जीप, जिचा नंबर प्रत्येक प्रसंगात वेगळा. सिनेमा आला तेव्हा आठवडाभरात उतरला. मुंबईत बसून रेवड्या वाटाव्यात तसे तारे वाटणाऱ्या समीक्षकांनी त्याला अर्धा ताराही दिला नाही. ही जमात जे पाहते त्यातलं तिला काही दिसत नाही, आणि जे दिसतं ते तिच्या मालकाने आधीच सांगितलेलं असतं. असो.

पण ‘दर्पण’चा मॅनेजर ग्रेवाल याच्याकडे या सिनेमाच्या रिळांची एक पेटी पडून राहिली होती. कधीतरी एका रविवारी नवा सिनेमा वेळेवर पोचला नाही म्हणून त्याने हेच लावलं. हॉस्टेलची पोरं शिव्या घालायला बसली आणि शो संपला तेव्हा ‘फिर से, फिर से’ ओरडत उभी होती. तेव्हापासून महिन्याचा पहिला रविवार तूफानचा. लोक पांढरे कपडे घालून येत. अस्वल दिसलं की शेंगदाणे उडत. जीप दिसली की अख्खं थिएटर तिचा नंबर मोठ्याने वाचून दाखवी.

“आता बघा,” अंधारात अनिमेष तिच्या कानाशी कुजबुजला. त्याच्या श्वासाला कापराचा आणि मुळ्याचा मिळून वास होता, आणि तरी जाईने मान बाजूला घेतली नाही. “आता येतात… मुर्दाजी.”

पडद्यावर तिरडी आली. त्या वेळच्या हिरोने तिरडीवर झोपायला साफ नकार दिला होता, म्हणे अपशकुन होतो. म्हणून त्याच्या जागी शूटिंगच्या गावातला कुणी पोरगा झोपवला होता. तोंड हिरोशी नखाइतकंही जुळत नव्हतं. हिरोची आई हंबरडा फोडते, कॅमेरा मढ्याच्या चेहऱ्यावर जातो… आणि मढं शांतपणे डाव्या हाताची करंगळी वर नेऊन नाक खाजवतं. परत हात खाली. परत मेलं.

थिएटर कोसळलं. सगळ्यांनी मिळून करंगळीने नाक खाजवलं. झेंडूची फुलं पडद्यावर आदळली. “मुर्दाजी… ज़िंदाबाद!”

“यावर पाच वर्षं वाद चालू आहे,” अनिमेष ओरडून सांगत होता. “मेडिकलवाले म्हणतात, मेल्यावर स्नायू आखडतात, ते. कोर्टातले वकील म्हणतात, तूफान जिवंतच होता, खून झालाच नाही! माझं म्हणणं वेगळं… माणूस गेला तरी कुणीतरी त्याची लई मनापासून आठवण काढली की त्याचं नाक खाजतं… जाई? अहो, जाई?”

जाई पडद्याकडे बघत होती. मढ्याचा डावा कान चुरगळलेला होता, तालमीत वर्षानुवर्षं घासून पैलवानाचा मोडतो तसा. आणि ती करंगळी! पगारपत्रक जुळेना की, पाहुण्यांसमोर अवघडलं की, रोज घरात वर जाणारी ती करंगळी.

तिरडीवर तिचा बाप झोपला होता.

*

जिन्यात अनिमेषने तिला गाठलं. चादरीत पाय अडकून दोनदा धडपडला होता.

“नाही आवडला?”

“तुम्ही त्या माणसाला हसता,” जाई म्हणाली. “एवढी सगळी माणसं. एका माणसाला.”

त्याने नाकातले बोळे काढून खिशात ठेवले. जणू या प्रश्नाला पूर्ण श्वास लागणार होता.

“हसतो ना. पण ऐका… चांगला सिनेमा पाहून माणूस टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. आळशी, पाट्या टाकलेला सिनेमा पाहून शिव्या देतो आणि घरी जातो. हा मात्र जीव तोडून बिघडवलेला आहे. फसवायला कुणी बनवला नाही. असं काही पाहिलं की घरी जाववत नाही. शिवाय गुळगुळीत सिनेमात आपल्याला जागाच नसते हो. याला सगळीकडून भोकं आहेत, म्हणून आत शिरता येतं. आम्ही सगळे इथे परमुलखातले. कुणाचं कुणी नाही. महिन्यातून एक दिवस एवढी माणसं एकदम नाक खाजवतात… घरी आल्यासारखं वाटतं.”

“आणि त्याला काय वाटत असेल?”

“कोणाला?”

“मढ्याला!”

अनिमेषने डोकं खाजवलं. “हा विचार… आम्ही कोणीच केला नाही.”

हे प्रामाणिक उत्तर होतं आणि तिथेच घोटाळा झाला. खोटं बोलला असता तर जाई सुटली असती. त्याऐवजी तिने त्याला संस्थेचा फोन नंबर विचारला.

मग सुखना तलावाच्या काठाने चालणं झालं. सतरा सेक्टरच्या कारंज्यापाशी रेवड्या झाल्या, आणि एकदा तर त्याने तिला प्रयोगशाळेतला सगळ्यात आळशी उंदीर दाखवला. “याचं नाव मी सुपरिंटेंडंट ठेवलंय.” अहो-जाहो गळून कधी पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तिच्या मराठीत ‘यार’ आणि ‘पक्का’ शिरलेलं, त्याच्या बोलण्यात ‘काऊन’ आणि ‘बे’. तलावावरची बदकंसुद्धा वळून बघत.

“काऊन हसून राहिली?” तो विचारायचा.

“तुझ्या नाकात अजून कापूस आहे असं वाटतं, यार.”

पण बापाचं तिने सांगितलं नाही. सांगणार कसं? तिला आता सगळा हिशेब लागला होता. घरात सिनेमा लागला की बाबा उठून का जातात. कोल्हापूरची, म्हणजे थेट आपल्या गावाची, बदली चालून आली तेव्हा त्यांनी शिलाँग का मागून घेतलं. आईला विचारलं तेव्हा तिने पोळी लाटता लाटता एवढंच सांगितलं, “लग्नात नवऱ्याचं नाव घ्यायला लावलं ना मला, तेव्हा मंडपात पोरं ओरडली, ‘मुडद्याची बायको!’ तुझे बाबा त्या दिवसापासून गावात मान वर करून चालले नाहीत. तू काही बोलू नकोस गं.”

बघा, आपल्याकडे हे असं. पैसेवाल्याचं पोर आयुष्यभर पडद्यावर लाकडासारखं उभं राहिलं तरी त्याला घराण्याचा वारसा म्हणायचं. आणि तालमीतल्या पोराने एकदा, फक्त एकदा, नाक खाजवलं तर त्याला गाव सोडायला लावायचं.

*

संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाचा तिळगूळ यंदा इंगवल्यांच्या क्वार्टरवर होता. जाईने अनिमेषला बोलावलं. बाबांनी त्याला बघावं, एवढंच मनात. पण फाटकातच शपथ घातली.

“सिनेमाचं अक्षर काढायचं नाही. पक्का?”

“पक्का. पण काऊन?”

“मी सांगते म्हणून.”

तासभर तो शहाण्यासारखा वागला. खुर्च्या मांडल्या, म्हाताऱ्यांना हात देऊन पाटावरून उठवलं, जाईच्या बाबांशी, रघुनाथरावांशी, पगार आयोगावर बोलला. रघुनाथराव चक्क म्हणाले, “पोरगं बरं हाय.” जाई तिळगुळाचं ताट घेऊन दुसऱ्यांदा सगळ्यांत फिरली.

आणि मग मंडळाच्या वसुधाकाकूंनी त्याला ओळखलं.

“अगं बाई, हा तर आमच्या श्रीरामच्या हॉस्टेलवरचा! ते मढं करतो ना, तो! काय हसवतो म्हणून सांगू! ए, करून दाखव रे!”

“नको काकू… आज नको…”

“लाजतोय मेला! झोप त्या दिवाणावर!”

जाई मागून मान हलवत होती. नाही, नाही, नाही. पण समोर वीस बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि पुरुषाला वीस बायकांनी टाळ्या वाजवल्या की त्याची शपथ किती टिकते हे बायकांनाच ठाऊक. तो आडवा झाला. डोळे मिटले. शांतता… करंगळी वर… नाक.

घर हसून लोळलं. अनिमेषने पडल्या पडल्या डोळे उघडले. उलट्या नजरेने त्याला दिसलं, की दारात रघुनाथराव उभे आहेत. चेहरा गाजरासारखा लाल. डावा कान चुरगळलेला. आणि अवघडून, त्यांच्याही नकळत, त्यांची करंगळी सावकाश नाकाकडे चाललेली…

अनिमेष ताडकन उठला. तिळगूळ हातातून गळाला.

“मुर्दाजी?”

आणि त्या मूर्खाने सगळ्यांदेखत त्यांच्या पायांवर लोटांगण घातलं.

हसू विझलं. रघुनाथरावांचा आवाज अजिबात चढला नाही, तेच भयंकर होतं. “ऊठ. आणि भाईर हो.”

*

“मला माहीत नव्हतं वं, जाई…” तलावाकाठी तो म्हणत होता.

“शपथ होती की नाही?”

“होती.”

“मोडलीस की नाही?”

“मोडली. चुकलो.” तो बाकावर टेकला. “फेब्रुवारीचा शो शेवटचा आहे. थिएटर पाडून तिथे मॉल होणार. मी जाणार नाही तिथे. कोणत्या तोंडाने जाऊ?”

“तू आता मलाही भेटू नकोस,” जाई म्हणाली. “माझा बाप ज्याच्या हसण्याला भिऊन गावोगाव पळतोय ते हसणं मी घरात जावई म्हणून कसं आणू?”

‘जावई’ हा शब्द तिच्या तोंडून असा, भांडणात, उलटा-सुलटा पडला. दोघांनीही ऐकला. कुणीच उचलला नाही.

घरी आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग एका सकाळी रघुनाथराव अंगणात उन्हाला बसून किन्नू, ती पंजाबी संत्री, सोलत होते आणि जाई त्यांच्यासमोर जाऊन बसली. आईने गप्प राहायला सांगितलं होतं. पुष्कळ झालं गप्प राहून.

“बाबा, मी पाहिलाय तो सिनेमा.”

साल सोलणारा हात थांबला.

“तुम्ही छान दिसता त्यात.”

“मढं हाय ते,” रघुनाथराव म्हणाले.

“मेलेलेसुद्धा छान दिसता.”

बराच वेळ ते फोडींवरचे पांढरे धागे काढत राहिले. मग खाली मान घालूनच बोलू लागले. “सकाळधरनं उन्हात पडलो हुतो गं. श्वास बी दाबून घेत हुतो. त्यो डायरेक्टर म्हणाला, असा मुडदा आजवर बघितला न्हाई. मला वाटलं… आता आपलं काय तरी व्हतंय. आन् शेवटच्या घटकेला नाकात लाल मुंगी शिरली. चावली की! त्यास्नी म्हटलं, परत घ्या, परत करतो, रातभर पडतो. तर रीळच संपलं हुतं.” त्यांनी फोड तोंडात टाकली नाही, नुसती धरून ठेवली. “सगळ्या गल्लीला घेऊन गेलो हुतो बघायला. फेटा बांधून.”

जाईला रडू आलं आणि मुंगीचं हसूही आलं. तिने दोन्ही गिळलं.

“इथलीबी तसंच हसत्यात?”

“हसतात. पण हसून उभे राहतात, बाबा. फुलं टाकतात. मी त्यांना हिरोचं नाव विचारलं. एकालाही येत नाही. तुमच्यासाठी मात्र पाच वर्षं भांडतायत.”

“भांडत्यात? कशापायी?”

“नाक का खाजवलं म्हणून.”

रघुनाथरावांनी फोड तोंडात टाकली. “सालटी उचल,” म्हणाले, आणि आत गेले.

*

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बाबा घरात नव्हते. माकडटोपीही खुंटीवर नव्हती.

जाईने स्कूटर कशी हाणली ते तिचं तिला ठाऊक. ‘दर्पण’च्या दारात ही गर्दी, आणि ग्रेवाल रुमालाने डोळे पुसत उभा.

“शुरू हो गई, बेटा. पर आज मज़ा नहीं आना. उस काळमेघ ने कल एक-एक हॉस्टल में जाके सबको कसम दी है, मुर्दाजी पे आज कोई नहीं हँसेगा. खुद बाहर सीढ़ी पे बैठा है, अंदर नहीं आता.”

तो पायरीवरच होता. आज चादर नाही, हार नाही. साधा स्वेटर. तिला बघून उठला, पुन्हा बसला. जाईने त्याचं मनगट धरलं. पहिल्यांदाच धरलं. दोघांनाही ते जाणवलं, पण वेळ नव्हता. ओढत आत नेलं.

शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात एक माकडटोपी बसली होती.

तिरडी आली. आईने हंबरडा फोडला. कॅमेरा चेहऱ्यावर गेला. करंगळी वर गेली… आणि खचाखच भरलेल्या थिएटरमध्ये कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. शेकडो माणसं मान खाली घालून उभी राहिली, खरंच कुणी गेल्यासारखी. फुलं नाहीत. जयजयकार नाही. शेजारी अनिमेष ओठ चावत होता.

जाईने टोपीकडे पाहिलं. टोपी डावीकडे वळली, उजवीकडे वळली. तिला कळलं, बाबा घाबरलेत. तेवीस वर्षं ज्या हसण्याला माणूस भ्यायला ते ऐकायला तो छाती घट्ट करून आला होता, आणि ते आलंच नाही. त्याला काय वाटलं असेल? आपण खरंच मेलो, असंच.

“ओ भाईसाब!” माकडटोपी उभी राहिली. कोल्हापुरी हिंदी छताला धडकली. “हसते क्यूं नहीं? किसी का बाप मर्‍या क्या? चींटी थी! लाल चींटी! नाक में घुसी थी, और क्या करता मैं!”

त्यांनी टोपी ओढून काढली. प्रोजेक्टरच्या उजेडात तो चुरगळलेला कान सगळ्या थिएटरने पाहिला. मग रघुनाथ इंगवले, हिशेबखात्यातले अधिकारी, यांनी डाव्या हाताची करंगळी वर नेली आणि सावकाश, ऐटीत नाक खाजवलं.

मग ग्रेवालची आरोळी आली, “ओए, साडा मुर्दा तो ज़िंदा निकलेया!” आणि छप्पर उडालं.

हसणं होतं, पण कोल्हापूरच्या गल्लीतलं नव्हतं. त्यांना खांद्यावर उचललं. वकील मेडिकलवाल्यांना मिठ्या मारत होते, “चींटी! देखा, चींटी!” कुणी झेंडूचा हार घातला, कुणी शेंगदाणे उधळले. पडद्यावर अस्वल नाचत होतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. रघुनाथराव वरून ओरडून सांगत होते, “रीळ खतम हुआ था! नहीं तो मैं एकदम बढ़िया मरता था!”

बाहेर पायरीवर ऊन आलं होतं. धुकं नावालाही नव्हतं. अनिमेष आणि जाई एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे होते. ते हातभर अंतर फार मोठं वाटत होतं.

“मुंगी निघाली,” अनिमेष पायांकडे बघत म्हणाला. “पाच वर्षांची थिअरी गेली माझी. कुणी मनापासून आठवण काढली की नाक खाजतं म्हणे… येडाच होतो.” तो थांबला. “तुला भेटायचं नाही असं ठरलं ना, त्या दिवसापासून मी एकच काम केलं. आठवण काढली. सकाळी, संध्याकाळी, उंदरांसमोर. प्रेम आहे वं माझं तुझ्यावर. सांगायचं होतं, सांगितलं. आता जा म्हटलंस तर…”

जाईने त्याच्याकडे पाहिलं. मग, काही न बोलता, डाव्या हाताची करंगळी वर नेली.

आणि नाक खाजवलं.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“तलावापासून. सारखं. सालटं निघालं, यार.”

तो हसला, ती हसली, आणि हातभर अंतर कुणी मिटवलं ते सांगता येत नाही. तेवढ्यात मागून हार घातलेली, विस्कटलेली, तेवीस वर्षांनी मान वर केलेली आकृती गर्दीतून बाहेर आली. तिने दोघांकडे पाहिलं. दोघं दोन बाजूंना उडाले.

“ए काळमेघ!”

“जी… जी, मुर्दाजी! म्हणजे काका!”

“संध्याकाळी घरला ये जेवायला.” रघुनाथरावांनी हार सारखा केला. “आन् ती चादर बिदर गुंडाळून येऊ नगंस. आमच्या घरात मढं एकच. ते मी.”